गरम इंजिन का धरत नाही

पहाटे थंड असताना दोरीच्या पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू झालेलं आउटबोर्ड इंजिन तासभर बिनतक्रार पळतं. जाळ्याजवळ पोचल्यावर ते बंद केलं जातं. जाळं होडीत ओढून घ्यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर दोरी ओढली की इंजिन लागतं, थोडा वेळ फडफडतं, गिअर टाकला की घुटमळतं आणि बसतं. पुन्हा ओढावं तर पुन्हा तेच. अर्ध्या-पाऊण तासानं मात्र ते काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतं. मालवणी खलाशी हे सगळं एका वाक्यात सांगतात, "थंड असताना एका झटक्यात सुरू जाता, गरम झाला काय मगे धरणाच नाय."

या एका वाक्यात अर्धं निदान आलेलं असतं, पण मेकॅनिकपर्यंत पोचेतो ते हरवतं. होडी किनाऱ्याला लागते, इंजिन निवतं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येतो, दोरी ओढतो, इंजिन झकास चालू होतं. आता शोधायचं काय? मग अंदाजानं प्लग बदलतात, नंतर कॉइल, नंतर कार्बोरेटर साफ होतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर थंड इंजिन सुरू होतं, त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती यशस्वी वाटते आणि पुढच्या फेरीला होडी पुन्हा खडकांजवळ तरंगत राहते. लहान मच्छीमाराचे हजारो रुपये या फेऱ्यात जातात. सुटे भाग बदलून दोष सापडत नाही. दोष गरम इंजिनात आहे, तर तपासणीही गरम इंजिनावरच, दोष हजर असतानाच व्हायला हवी. या प्रकरणातलं सगळं विवेचन त्या एका आग्रहासाठी आहे.

आधी उष्णतेचं पाहू. इंजिनाच्या झाकणाखालची हवा, कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या नळ्या सर्वांत जास्त तापतात त्या इंजिन भरधाव चालताना नव्हे, तर बंद केल्यानंतर. इंजिन चालू असताना खालच्या भागातला पंप समुद्राचं पाणी सतत वर ढकलत असतो. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं, पण हे पाणी धातूची उष्णता वाहून नेतं. शिवाय कार्बोरेटरमधून ताजं, थंड पेट्रोल वाहतं आणि पेट्रोलचे थेंब हवेत उडताना कार्बोरेटरचं अंग आणखी गार करतात. इंजिन बंद केलं की हे सगळं एकदम थांबतं. पंप इंजिनाच्याच दांड्यावर फिरतो, त्यामुळे इंजिन थांबलं की पाणीही थांबलं. मोटारीत चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा काही वेळ फिरू शकतो, आउटबोर्डात तशी सोय नसते. धातूत साठलेली उष्णता मग आजूबाजूला पसरते, वर झाकणामुळे कोंडते आणि पुढची दहा ते तीस मिनिटं कार्बोरेटर, पेट्रोलपंप, नळ्या, कॉइल सगळं त्या कोंडीत शेकत बसतं.

ही कोंडी यंत्राच्या घडणीतच आहे. मूळ नॉर्वेचा आणि अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेला ओले एव्हिनरुड याने १९०९ मध्ये आउटबोर्ड इंजिनाचा धंदा सुरू केला, तेव्हाची इंजिनं उघडीच असत. वर फिरतं चाक, बाजूला सिलिंडर, सगळ्याला वारा लागे. पुढे आवाज आणि पाण्याचे शिंतोडे अडवण्यासाठी झाकण आलं आणि त्याखाली पेट्रोल, वीज व आग एका घमेल्याएवढ्या जागेत दाटीनं राहू लागली. खाऱ्या पाण्यात झाकण हवंच. पण ते आहे, हे निदान करताना विसरून चालत नाही.

पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे. पाण्यासारखं ते एका ठरावीक तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उडू लागतात, जड घटक २०० अंशांपर्यंत टिकतात. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात झाकणाखाली जे तापमान सहज होतं, त्यात पेट्रोलचा काही भाग अक्षरशः उकळतो. बऱ्याच इंजिनांवर पेट्रोलच्या फिल्टरची छोटी पारदर्शक वाटी असते. तापलेलं इंजिन बंद करून दहा मिनिटांनी झाकण उचललं आणि त्या वाटीकडे नीट पाहिलं, तर कधी कधी तळातून बारीक बुडबुडे सुटून वर जाताना दिसतात आणि वाटीचा वरचा भाग रिकामा झालेला असतो. ज्यानं एकदा हे पाहिलं तो पुन्हा प्लगवर उगाच पैसे घालणार नाही.

या उकळण्यातून दोन परस्परविरुद्ध बिघाड निघतात आणि दोन्हींचं बाह्य लक्षण सारखंच असतं. इथेच बहुतेकांची फसगत होते. पहिल्या प्रकारात नळीत आणि पेट्रोलपंपात वाफ धरते. पंपाचा पातळ पडदा द्रव ढकलण्यासाठी असतो. वाफ दाबली की ती नुसती आक्रसते आणि पुढे काही जात नाही. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन काही सेकंद चालतं आणि उपाशी मरतं. दुसऱ्या प्रकारात उलट घडतं. वाटीतलं पेट्रोल उकळून घशात सांडतं किंवा नळीतला वाढलेला दाब पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या झडपेला न जुमानता जादा पेट्रोल आत ढकलतो. प्लग भिजतात, इंजिन काळा धूर ओकतं आणि गुदमरतं. उपाशी इंजिनाला पेट्रोल हवं असतं आणि गुदमरलेल्याला हवा. चुकीचा उपाय केला तर आजार वाढतो. गरम इंजिन धरेना की सवयीनं चोक ओढणारे गुदमरलेल्या इंजिनाच्या तोंडात आणखी पेट्रोल ओततात.

पेट्रोलच्या टाकीचीही इथे दुहेरी भूमिका असते. सुटी टाकी असेल तर तिच्या झाकणावर हवेचा लहान स्क्रू असतो. तो बंद राहिला तर इंजिन चालताना टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. तीच टाकी उन्हात स्थिर पडली की आत दाब चढतो आणि पेट्रोल आपणहून कार्बोरेटरकडे धावतं. एकाच बंद स्क्रूमुळे उपासमारही होते आणि पूरही येतो. झाकण सैल केल्यावर 'फुस्स' असा आवाज आला तर अर्धं काम झालं. त्याला पैसा लागत नाही, म्हणून ते सगळ्यांत आधी करून पाहावं.

गेल्या काही वर्षांत यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणून त्यानं पेट्रोल कमी उडेल असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र आले की मिश्रणातले काही घटक एरवीपेक्षा कमी तापमानाला उडू लागतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं. कोकणच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर पडून राहिली आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं, तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशी बसतात आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. बऱ्याच आउटबोर्डांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. होडीवाल्यापुढे पर्याय फारसे नाहीत, म्हणून निदान ताजं पेट्रोल घेणं, टाकी भरलेली ठेवणं आणि पाणी वेगळं काढणारा फिल्टर बसवणं एवढं तरी करावंच. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलनं आतून सोलवटतात. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या नळीतलं अस्तर सुटून ओढीच्या जोरानं वाट अडवतं, हा दोष सापडायला भयंकर चिवट.

आता निदान. त्यासाठी पहिलं हत्यार म्हणजे घड्याळ. इंजिन चांगलं तापवून बंद करावं आणि मिनिटाभरातच परत सुरू करावं. मग पुन्हा तापवून बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबावं आणि सुरू करावं. लगेच सुरू केलं तर ठीक, पण पंधरा मिनिटांनी घोटाळा होत असेल, तर कोंडलेल्या उष्णतेनं पेट्रोल बिघडतंय असं समजावं, कारण मिनिटाभरात ती कोंडी अजून तयारच झालेली नसते. उलट बंद केल्या-केल्या लगेचही इंजिन धरत नसेल, तर संशय पेट्रोलच्या उकळण्यावरून काढून ठिणगीवर, कॉम्प्रेशनवर, कूलिंगवर किंवा पुढे येणाऱ्या मंद चालीच्या चोंदलेल्या वाटेवर न्यावा. ही चाचणी धक्क्याला बांधलेल्या होडीवर करावी, उघड्या समुद्रात नको. आणि प्रॉपेलरजवळ कुणी नाही याची आधी खात्री करावी.

दुसरं हत्यार म्हणजे टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवरचा रबरी फुगा. त्यावरचा बाण इंजिनाकडे असायला हवा. फुगा उलटा बसवलेल्या होड्या आजही पाहायला मिळतात. इंजिन गरम असताना, सुरू करण्याआधी, फुगा हातात घेऊन दाबावा. तो कडक लागला तर कार्बोरेटरच्या वाटीपर्यंत पेट्रोल आहे. तो पिळपिळीत असेल, कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर कुठेतरी वाफ किंवा हवा शिरली आहे. मग इंजिन सुरू करून ते घुटमळू लागताच एकानं फुगा दाबत राहावा. इंजिन सावरलं तर दोष पुरवठ्याच्या बाजूला आहे. टाकीपासून पंपापर्यंतचे सांधे, कनेक्टरमधली रबरी रिंग, नळी, फिल्टर, पंपाचा पडदा या क्रमानं पाहावं. सांध्यातून पेट्रोल बाहेर गळत नसलं म्हणजे हवा आत जात नाही असं मुळीच नाही. चालू इंजिनात ती नळी ओढीखाली असते. बारीक फटीतून थेंबही बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. फुगा दाबल्यावर इंजिन आणखी घुसमटलं, धूर वाढला, तर ते आधीच भरून वाहतंय असं समजावं. मग वाटीतला तरंगता फ्लोट आणि सुईची झडप पाहावी.

ज्या दोषाकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि जो माझ्या मते सर्वांत जास्त वेळा खरा ठरतो, तो म्हणजे मंद चालीची चोंदलेली वाट. कार्बोरेटरमध्ये मंद चालीसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास छिद्र असलेली जेट असते. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर तिच्यात बसला की ती निम्मी बुजते. थंड इंजिन सुरू करताना आपण चोक वापरतो, म्हणजे मिश्रण मुद्दाम घट्ट करतो. त्या जादा पेट्रोलमागे बुजलेली जेट लपून जाते. इंजिन सुरू होतं, मग आपण रेस देऊन निघतो. मोठ्या चालीला दुसरी जेट काम करते, तीही ठीक असते. गरम झाल्यावर चोक नसतो, चाल मंद असते, गिअरचा भार येतो आणि त्या क्षणी सगळी मदार त्या चोंदलेल्या छिद्रावर पडते. इंजिन बसतं. म्हणजे उष्णतेनं दोष निर्माण केलेला नाही, लपलेला दोष उघडा केला. ओळख सोपी आहे. गरम इंजिन सुरू करताना चोक किंचित ओढल्यावर ते टिकत असेल, तर मिश्रण पातळ पडतंय. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बऱ्याच होड्या पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या असतात आणि ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांनंतर याच तक्रारी ऐकू येतात. होडी वर घेताना पेट्रोलची नळी काढून इंजिन वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवलं, तर ही व्याधी बहुतांशी टळते. आणि जेट तारेनं कोरू नये. छिद्र रुंदावलं की ते कायमचं बिघडलं. क्लीनरनं आणि दाबाच्या हवेनंच ती साफ करावी.

काही इंजिनांत हाताचा चोक नसतो. त्याऐवजी मेणाची एक गोळी विजेनं तापून फुगते आणि जादा पेट्रोलची वाट बंद करते. तिची वायर तुटली तर इंजिन तापलं तरी चोक ओढल्यासारखंच चालत राहतं. अशा यंत्रात गरम स्थितीत काळा धूर दिसला की आधी तिथे पाहावं.

केरळच्या किनाऱ्यावर रॉकेलवर चालणारी आउटबोर्डं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांची अडचण बरोबर उलट असते. ती पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर वळवतात, आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणावी लागतात, नाहीतर वाटीत रॉकेल राहून थंड इंजिन काही केल्या लागत नाही. रॉकेल चटकन उडत नाही, त्यामुळे त्यांना गरम होण्याचं भय कमी आणि थंड होण्याचं जास्त.

आता ठिणगी. चाकाखालच्या कॉइलमध्ये केसासारख्या तारेचे शेकडो वेढे असतात. वर्षानुवर्षं तापून-निवून त्यांचं आवरण तडकतं. थंड असताना तार जुळलेली राहते, तापल्यावर धातू प्रसरण पावून जोड उघडतो किंवा दोन वेढे एकमेकांना चिकटतात. ठिणगी निघून जाते. निवल्यावर ती परत येते. इथे मेकॅनिक मल्टिमीटर लावतो, पण थंड इंजिनाला, आणि आकडा बरोबर येतो. गरम इंजिनाला लावला तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे २० अंशांना ५०० ओहम दाखवणारी निरोगी कॉइल ८० अंशांना सुमारे ६१५ दाखवेल. हे बिघाडाचं लक्षण नव्हे, निसर्गनियम आहे. ६१५ ऐवजी काही हजार किंवा अनंत आकडा आला तर कॉइल गेली. रोधापेक्षाही भरवशाची चाचणी म्हणजे प्लग आणि त्याच्या टोपीच्या मध्ये लावायचा ठिणगी-टेस्टर. तो लावूनच इंजिन तापवावं आणि बंद पडल्याबरोबर दोरी ओढून पाहावं. निळी, कडक ठिणगी दिसली तर ठिणगी निर्दोष. प्लग काढून, त्याची बॉडी धातूला टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी पद्धत भरलेल्या इंजिनावर वापरू नये. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि झाकणाखाली आग लागायला तेवढं पुरतं.

दोरीच्या आपत्कालीन स्विचचीही झडती घ्यावी. खाऱ्या पाण्यानं आत गंजलेला स्विच तापल्यावर स्वतःच इंजिन बंद करू शकतो. धक्क्यावर, फक्त तपासणीपुरती, त्याची तार सोडवून इंजिन चालवून पाहता येतं. मात्र तशी होडी समुद्रात घेऊन जाऊ नये. माणूस पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी ती एकच गोष्ट असते.

'इंजिन पाणी मारतंय का?' हा प्रश्न कोकणातल्या कुठल्याही धक्क्यावर ऐकू येतो आणि तो योग्यच आहे. मागच्या भोकातून निघणारी धार कमकुवत असेल तर पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरची पाती कडक झाली, तुटली किंवा मिठानं वाटा बुजल्या असं धरावं. धार अजिबात नसेल तर आधी ते भोकच बारीक तारेनं मोकळं करून पाहावं, कारण वाळूचा एक कणही ते बंद करतो. आउटबोर्डाचा थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतो, मोटारीचा ८०-९० अंशांना. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, कारण जास्त तापमानाला समुद्राच्या पाण्यातले क्षार धातूवर थर धरू लागतात. म्हणून मोटारीचा थर्मोस्टॅट आउटबोर्डात घालायचा आणि 'चालतंय' म्हणायचं, हा प्रकार इंजिन मारणारा आहे. इंजिन मुळातच जास्त तापत असेल तर कोंडलेली उष्णताही त्या प्रमाणात वाढते आणि वर सांगितलेले सगळे दोष एकदम डोकं वर काढतात. दररोज परत आल्यावर गोड्या पाण्यानं इंजिन धुणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त विमा.

इंजेक्शनवाल्या फोर-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोल दाबाखाली असतं, म्हणून ते सहजी उकळत नाही. पण त्यांच्यातही वाफ वेगळी करणारी छोटी टाकी आणि तिच्यातला बारीक फिल्टर असतो, तो चोंदला की गरम पेट्रोल पुरत नाही. तापमान सांगणारा सेन्सर खोटं सांगू लागला तर संगणक गरम इंजिनाला थंडीचा डोस देतो. तसंच फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हचं अंतर गरजेपेक्षा कमी असेल, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. म्हणून कॉम्प्रेशनही गरम असतानाच मोजावं. थंड इंजिनाचा आकडा इथे फसवा.

समुद्रात प्रत्यक्ष प्रसंग आला तर सगळ्यांत आधी नांगर टाकावा. वारा आणि ओहोटी खडकाकडे नेत असताना दोरी ओढत बसण्यात अर्थ नाही. नांगर धरल्यावर झाकण उचलावं, कोंडलेली गरम हवा जाऊ द्यावी. कपडे, केस आणि जाळ्याची टोकं फिरत्या चाकापासून दूर ठेवावीत, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर तो जाईपर्यंत दोरी ओढू नये. टाकीचा हवेचा स्क्रू पाहावा, फुगा दाबावा. फुगा पिळपिळीत असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून, चोक न ओढता, थोडी रेस देऊन सुरू करावं. फुगा कडक असून आधी वास आला असेल तर तो गेल्यावर गिअर काढून रेस पूर्ण उघडावी, म्हणजे भरपूर हवा जाऊन जादा पेट्रोल निघून जातं, आणि इंजिन लागताच रेस खाली आणावी. बॅटरीचा सेल्फ असेल तर तो एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये त्याला निवू द्यावं. पुढच्या फेरीपासून जाळ्याजवळ पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं गिअर काढून मंद चालीवर ठेवावं. पाणी फिरतं राहतं, धातूची वरची उष्णता उतरते. आणि ज्या होड्यांत दोष फक्त कोंडलेल्या उष्णतेचा असतो, त्यांतल्या पुष्कळांना एवढ्यानंच पुढे काही करावं लागत नाही.